भोंगेमामांचे पाव्हणे

भोंगेमामांनी आयुष्यात एकही गाणं ओळख करून दिल्याशिवाय वाजवलं नाही. लग्न असो, बारसं असो, नाहीतर पुढारी येणार म्हणून पारावर बांधलेला भोंगा असो. आधी मामांचं घसा खाकरणं, मग गाणाऱ्याची ओळख आणि त्यानंतर गाणं. नवरदेव वेशीत घोड्यावर ताटकळला तरी मामांना त्याची फिकीर नसे. कुणी घाई केलीच तर ते शांतपणे विचारायचे, "वळख करून दिल्याबगर पाव्हण्याला पंगतीला बसवता व्हय तुमी?" घाई करणारा मुकाट्याने मागे सरकायचा.

आमच्या भागात लग्न लागलं की भोंग्यावरून आहेर पुकारायची पद्धत होती. 'तामलवाडीचे अमुक अमुक, नवरीचे चुलतमामा, यांच्याकडून भर पेहराव.' गाव, नातं आणि नाव साऱ्या मांडवाला ऐकू गेलं पाहिजे. एखाद्याचं नाव राहिलं तर तो पाहुणा न जेवता बैलगाडी जुंपायचा. मामा आहेर पुकारण्यात तरबेज होते. त्याच चालीवर ते गाणाऱ्यांनाही पुकारायचे, आणि त्यांचे गाणारे साता समुद्रापलीकडचे असायचे.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उमरग्याच्या अलीकडच्या या गावात शाळेवर रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. शाळेच्या शेजारी लग्न होतं. पानात बुंदी पडली होती आणि भोंग्यातून आवाज आला, "ऐका हो मंडळी. आता जे पाव्हणे येत्यात ते लई लांबनं येत्यात. गाव स्कॉटलंड, इंग्लंडच्या वरल्या अंगाला. थंडी लई. तितली गडीमानसं परकर नेसत्यात, पर हसू नका, लढाईत म्होरं तीच असत्यात. बोकडाच्या कातड्याची पखाल करत्यात, पान्याबदली तिच्यात वारं भरत्यात आन बगलंत दाबून वाजवत्यात. आईचं नाव मेरीबाई. सावकाश ऐका, मधी उठू नका." मग भोंग्यातून जे काही किंचाळत बाहेर आलं त्याने मांडवाबाहेरचे बैल दावी तोडायला लागले. मला असा ठसका लागला की शेजारच्या बाईने पाठीत धपाटे घातले. पण एकही माणूस उठला नाही. म्हातारेकोतारे माना डोलावत त्या पखालीचं वाजणं ऐकत होते आणि शेवटी एकाने समाधानाने सांगितलं, "दमदार गडी हाय."

मी मूळची तेर गावची. आमच्या घरात पगार आणणारी मी पहिली, आणि तीही बाईमाणूस. वरच्या आळीत खोली शोधली तर माझं आडनाव ऐकताच प्रत्येक घरातली खोली नेमकी कालच भाड्याने गेलेली असायची. शेवटी खालच्या अंगाला, आमच्या बौद्ध वस्तीत, मामांच्या शेजारची खोली मिळाली. आजही मी त्या वरच्या आळीचे उपकारच मानते. तिथं खोली मिळाली असती तर मामांचं शेजारपण कुठून मिळालं असतं?

मामांचं खरं नाव विश्वनाथ. उंच, वाळका देह, डोक्याला कायम मफलर आणि हातात पक्कड. उमेदीची काही वर्षं त्यांनी हैदराबादेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काढली होती. येताना आवाज वाढवायचं एक मशीन, रेकॉर्डी वाजवायचा एक फोनो, दोन भोंगे आणि बोलण्यात थोडी हैदराबादी घेऊन आले. भोंगे सायकलच्या मागे बांधून ते गावोगाव फिरत. मशीनला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. भोंगा बांधायला लिंबाच्या शेंड्यावरही ते स्वतःच चढायचे, आणि खाली उभ्या असलेल्यांना वरून सूचना देत राहायचे.

त्यांचे वडील या गावचे येसकर होते. घुंगराची काठी आपटत गावभर दवंडी द्यायची, हे त्यांचं काम. उद्या पाटलाकडे वेठीला या, परवा साहेब येणार आहेत, अमक्याचा बैल चुकलाय. आवाज असा की शिवारातल्या माणसाला बांधावर ऐकू जावा. पण स्वतःचं म्हणून एक वाक्य त्यांनी त्या आवाजात कधी पुकारलं नव्हतं. गावाने त्यांना नावानेही कधी हाक मारली नाही. येसकर म्हटलं की झालं. धम्म घेतला त्या वर्षी म्हाताऱ्याने ती काठी चुलीत घातली आणि तिच्यावर चहा उकळून साऱ्या घराला पाजला. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी दवंडी दिली नाही. मामा ही गोष्ट फार आवडीने सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "बा गावाचं सांगनं सांगायचा. म्या माझं सांगतो."

हैदराबादच्या जुन्या बाजारात परदेशी रेकॉर्डींना कुणी विचारत नसे. सिनेमाच्या रेकॉर्डींवर उड्या पडायच्या आणि या बिचाऱ्या मोडक्या पंख्याशेजारी पडून राहायच्या. मामा मुद्दाम त्याच आणत. कव्हरवरचा फोटो नीट पाहून त्यांनी काहींची ओळख आपल्या मनाने ठरवून टाकली होती. मी शेजारी आल्यावर ते एकेक कव्हर घेऊन दारात यायचे. "बाई, जरासं बघा की, काय लिवलंय. जलमगाव कुठलं? घरी कोन कोन?" माझं इंग्रजी काही फार नव्हतं, पण डिक्शनरी घेऊन मी लावायची. बहुतेक कव्हरांवर गाण्यांची स्तुती असायची आणि मामांना हवं ते काहीच नसायचं. गाव, आईबाप आणि पोटापाण्याचा धंदा, या तीन गोष्टींशिवाय त्यांच्या लेखी ओळख पुरी होत नव्हती.

आईच्या नावावरून आमचं कायम वाजायचं. "अहो मामा, यात आईचं नाव दिलेलंच नाही," मी म्हणायची. "मग आई न्हवती व्हय त्येला? आभाळातनं पडला?" "पण म्हणून तुम्ही सगळ्यांच्या आईचं नाव मेरीबाई सांगणार?" "तिकडं तेच नाव चालतं बाई. म्या हैदराबादेत बघितलंय." दर्यावर मासे विकता विकता गायला लागलेली काळ्या शालीतली पोर्तुगालची बाई, लांब केसांची इंग्लंडची चार पोरं, रशियातला जाडजूड गवयांचा ताफा, सगळे त्या मेरीबाईच्या पोटचे. एका म्हातारीने मला एकदा गंभीरपणे विचारलंही होतं, "बाई, त्या मेरीबाईला किती लेकरं म्हनायची?"

त्या लांब केसांच्या पोरांचीही मामांनी बाजू घेतली होती. गावातल्या जाणत्यांनी फोटो पाहून नाकं मुरडली तेव्हा भोंग्यावरून ओळख झाली ती अशी : "ह्या चार पोरांच्या आयांनी, बापांनी, मास्तरांनी केसं कापा म्हनून जीव काढला. पोरांनी कापली न्हाईत. बाकी काय बी असू द्या, ज्येचं डोस्कं त्येचे केसं." गावातल्या न्हाव्याने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

पण मामांची खरी माया दोन रेकॉर्डींवर होती. एक वेस्ट इंडीजची. कव्हरवरचा मजकूर मी वाचून दाखवला तेव्हा मामा उभेच राहिले. भोंग्यावर त्याची ओळख अशी झाली : "गाव वेस्ट इंडीज, क्रिकेटवाल्यांचं. ह्येंचे आजे-पंजे जहाजात कोंबून ऊस तोडायला नेलेले. आईचं नाव मेरीबाई. सरकारनं ह्येंच्या ढोलावर बंदी घातली. गप बसतील व्हय? पठ्ठ्यांनी त्येलाची मोकळी पिपं आनली, ठोकून ठोकून त्यातनं सूर काढला आन सरकारच्या नाकावर टिच्चून वाजवलं." आमच्याकडून दरसाल ऊस तोडायला जाणारी घरं होती. त्या लोकांनी वेस्ट इंडीजवाल्यांना त्या दिवसापासून भावकीतच घेतलं. पिंपाचं ते किणकिणणं लागलं की ते लग्नात पुढे येऊन बसायचे आणि दुसऱ्यांना सांगायचे, आमचा माणूस आहे.

दुसरी रेकॉर्ड अमेरिकेतल्या एका बाईची. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गाऊन गाऊन मोठी झालेली. मामा तिची ओळख आवाज खाली आणून करायचे. "गाव अमेरिका, खालच्या अंगाचं. आई लोकांची धुनी धुवायची, नाव मेरीबाई. ह्या बाईला मोठमोठ्या थेटरात गायला बोलवायचे. पर म्होरल्या दारानं आत घ्यायचे न्हाईत. मागनं, सैपाकघराच्या दारानं ये म्हनायचे. का? तर कातडं काळं. बाईनं एक दिस सांगितलं, म्होरलं दार उघडत असाल तर गाते. उघडलं मग." ती गायला लागली की मांडवातल्या वरच्या आळीच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी ते पाहत बसायची. यातल्याच बायका मला पाणी देताना तांब्या वर धरून ओंजळीत ओतायच्या. अमेरिकेचं दार उघडावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, यात शंका नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि लग्नं थांबली. सारं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागलं. मामाही गेले, पण सायकलवर भोंगा बांधून. मुकादम अंगावर आला. "हितं काय तमाशा हाय व्हय?" मामा म्हणाले, "साहेब, हात तुमच्या कामावर हायत. कान मोकळेच पडलेत की बिचारे." दुपारी खायला सुकडी वाटायची वेळ झाली की बॅटरीवर फोनो सुरू व्हायचा. रखरखत्या माळावर, तोंडाला धुळीचं पीठ लागलेल्या माणसांपुढे पोर्तुगालची कोळीण आणि रशियाचे गवई हजेरी लावून जायचे. मुकादमाने तक्रार वर नेली, चौकशीला एक साहेब आला, पिंपवाल्यांची ओळख ऐकून हातभर सावलीच्या झुडपाखाली बसला आणि संपल्यावर म्हणाला, आणखी एकदा लावा.

त्या कामावर वस्तीतल्या गयाआत्या होत्या. वय झालेल्या, नवरा गेलेला, हात मात्र पोलादी. एके दुपारी अमेरिकेच्या बाईचं गाणं संपलं आणि हातोडी खाली न ठेवता गयाआत्यांनी आपलं गाणं सुरू केलं. जात्यावरची चाल, पण शब्द त्या माळावरचे :

दगड फोडीते बाई, ठिणगी उडे वर,
ठिणगीला इचारीते, बाई तुझं कुठं घर.

हातोड्या थांबल्या होत्या. गाणं संपल्यावर गयाआत्या मामांकडे वळून म्हणाल्या, "लेकरा, त्या काळ्या बाईचं नाव-गाव समद्या मुलुखाला सांगतोस. माझंबी सांग की एकदा." आणि मग स्वतःच लाजून हसल्या. सगळे हसले. मामा हसले नाहीत. संध्याकाळी सायकल ढकलत येताना त्यांनी मला सांगून टाकलं, "बाई, आत्याची वळख वरच्या गावाला म्या करून देनार. भोंग्यावरनं. बिल्कुल."

त्याला पुढे बरीच वर्षं लागली. आत्यांच्या गाण्याची रेकॉर्ड निघावी म्हणून मामा हैदराबादेत आणि सोलापुरात हिंडले. कुणी आत बसवून घेतलं नाही. आणि रेकॉर्ड नाही तर ओळख कसली करून देणार? शेवटी उमरग्याच्या एका ट्रकवाल्याकडून कॅसेटचं टेपरेकॉर्डर हाती लागलं. आत्यांना त्यांच्याच दारात बसवून मामांनी गाणी भरून घेतली. मध्ये कोंबडा आरवला तो आरवलाच. आत्यांचा दम आता तुटायला लागला होता. खोकल्याची उबळ आली की त्या टेपकडे पाहून "थांब गं जरा" म्हणायच्या; तेही कॅसेटवर आहे.

त्याच सुमारास आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. चेअरमन आमच्याच गावचे, वरच्या आळीतले, पाटलाच्या घरचे. माणूस कामाचा होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. दुष्काळात होरपळलेल्या शिवारात त्यांनी ऊस उभा करून दाखवला. मामांच्या भोंग्याचेही ते शौकीन. कुठल्याही समारंभात "ती म्होरल्या दाराची बाई लाव रे इश्वनाथ" अशी त्यांची ठरलेली फर्माईश असायची. कारखान्याच्या हंगामातल्या सगळ्या कार्यक्रमांचं काम त्यांनी मामांनाच दिलं होतं. लग्नसराईत तेव्हा मामांना पूर्वीसारखं काम राहिलं नव्हतं आणि मामांच्या घराची सारी भिस्त त्या कामावर होती.

पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम ठरला. मंत्री येणार होते. आदल्या दिवशी मी मुलांचं स्वागतगीत बसवायला कारखान्यावर गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. चेअरमन मांडवात उभे होते. त्यांनी विचारलं, "काय वाजवनार उद्या?"

"आधी सनई. मग एक पाव्हणी हाय."

"म्होरल्या दाराची?"

"न्हाय साहेब. आपल्याच गावची. गयाआत्या." मामांनी कॅसेट लावून ऐकवली. चेअरमन खरोखर लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "गळा हाय बाईला. वाजव की. फकस्त नाव-गाव पुकारत बसू नको."

"का बरं?"

"अरं, मंत्री येनार, चार गावचे भागधारक येनार. पहिल्या मोळीला खालच्या वस्तीचं नाव भोंग्यावर कशाला? नुसतं गानं वाजव. गान्याला काय जात असती व्हय?"

"गान्याला न्हाय," मामा म्हणाले. "मग जात निस्ती मानसाच्या नावालाच असती व्हय, साहेब?"

चेअरमनांचा चेहरा उतरला. आवाज चढवला नाही त्यांनी; समजुतीच्या सुरात बोलले. "इश्वनाथ, तुझ्या बानं जलमभर आमच्या घरचं सांगनं गावाला सांगितलं. दिलं तेवढं सांगायचा, एक शबुद वर न्हाय, एक खाली न्हाय. तूबी तसंच कर. न्हायतर हंगामाचं काम मला दुसऱ्याला द्यावं लागंल."

"बानं काठी जाळली साहेब," मामा पक्कड खिशात घालत म्हणाले, "म्या दवंडी देत न्हाय."

घरी येताना मीच त्यांच्याशी वाद घातला. आपल्या वस्तीत कार्यक्रम करू, तिथं आत्यांची हवी तेवढी ओळख करून द्या, काम कशाला घालवता? मामा माझ्याकडे चिडून बघायला लागले. "बाई, वस्तीत तिला कोन वळखत न्हाय? वळख जितं न्हाय तितंच करून द्यायची असती." गयाआत्यांच्या कानावर गेलं तर त्या म्हणाल्या, "माझ्यापायी चूल इझवू नको रं बाबा." आणि मग बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. त्यांना काय वाटत होतं ते विचारायची मला गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यावर माणूस मावत नव्हता. उसाच्या गाड्या रांगेत उभ्या, बैलांच्या शिंगांना रंग, मोळी टाकायची गव्हाण झेंडूने सजवलेली. सनई झाली. मंत्री यायला अवकाश होता. मामांनी घसा खाकरला. "ऐका हो मंडळी. आता जी पाव्हणी येती, ती लांबनं येत न्हाय. तिचं गाव हेच..."

तेवढ्यात भोंगा मुका झाला. चेअरमनांच्या माणसाने मशीनची वायर ओढली होती. मांडवात कुजबुज सुरू झाली. मामांनी हातातल्या मुक्या माइककडे एकदा पाहिलं आणि तो खाली ठेवला. मग ते रांगेतल्या पहिल्या गाडीवर, भरल्या उसावर चढले. एक हात कानामागे लावला, मान वर केली आणि आवाज दिला. त्या गावातल्या पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक माणसाने तो आवाज ओळखला. येसकराचा आवाज होता तो, शिवाराच्या बांधापर्यंत जाणारा.

"ऐका हो ऐका! पाव्हणीचं नाव गयाबाई! आईचं नाव सखूबाई, बापाचं नाव लखू! गाव हेच! वस्ती खालची, बौद्धांची! धंदा खडी फोडायचा, तुमी ज्या सडकंनं आज आलाव ती सडक हिनं फोडलेली! शाळा न्हाय, थेटर न्हाय, कुनी म्होरल्या दारानं घेतली न्हाय आन कुनी मागल्या दारानंबी बोलावली न्हाय! गळा बघा आन मग बोला! सावकाश ऐका, मधी उठू नका!"

ठोकून दिलेली मेरीबाई नव्हती या ओळखीत. प्रत्येक नाव खरं होतं. मामा गाडीवरून उतरले नाहीत. बायकांच्या घोळक्यात गयाआत्या उभ्या होत्या; बायकांनीच त्यांना पुढे ढकललं. मला वाटलं, आता त्या खाली बसणार. पण त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि उघड्या गळ्याने, भोंग्याशिवाय, ठिणगीचं गाणं म्हटलं. दम पुरेना, मध्ये थांबल्या, पुन्हा धरलं. ऊसतोडीच्या बायकांनी दुसऱ्या ओळीला त्यांना साथ दिली. मंत्र्यांची गाडी आली तेव्हा गाणं चालूच होतं आणि गाडीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मला एवढा आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे, आणि त्यात चेअरमनांचं तोंड पाहण्याचा वाटा मोठा होता हे मी लपवत नाही.

काम अर्थातच गेलं. उमरग्याहून नवा चकचकीत सेट आला. तो पोरगा सिनेमाची गाणी एकामागून एक लावायचा. पण पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी त्याला हैराण केलं. "कोन गातंय? गाव कुठलं? आईबाप करत्यात काय?" पोरगा रडकुंडीला आला. गावाला आता ओळखीशिवाय गाणं गोड लागत नव्हतं, त्याला तो तरी काय करणार? चेअरमनांनी दोनदा मामांना निरोप धाडला : झालं गेलं विसरू, ये, फक्त नुसतं वाजव. मामांनी निरोप्याला चहा पाजला आणि सांगून पाठवलं, "माझ्या भोंग्याला मुकं वाजता येत न्हाय म्हनावं."

पुढे मामा ऊसतोडीच्या फडांवर भोंगा घेऊन जायला लागले. दिवसभर कोयता चालवून आलेली माणसं पाचटाच्या कोप्यांपुढे बसायची आणि वेस्ट इंडीजच्या भावकीची फर्माईश करायची. कमाई बेताचीच होती. मामी धुसफुसायच्या, पण भोंग्याची तारही त्याच पुसून ठेवायच्या. गयाआत्या त्याच्या पुढच्या वर्षी गेल्या. त्यानंतर मामांच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिली पाव्हणी गयाबाईच असायची, संपूर्ण ओळखीसह. ऐकणाऱ्यांना ती इतकी पाठ झाली की सखूबाई म्हटलं की लोकच पुढे लखू म्हणायचे.

माझी बदली झाली, मी धाराशिवला आले, निवृत्तही झाले. मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. समाजमंदिरासमोर मांडव होता, भोंगा उमरग्याचा होता. वरच्या आळीचेही लोक आले होते. चेअरमन आले, काठी टेकत. वय झालं होतं, कारखान्यात आता दुसऱ्यांची माणसं बसली होती. चार शब्द बोलायला ते उभे राहिले. "आपल्या गावचे थोर कलाप्रेमी, विश्वनाथ..." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना खरंच भरून आलं असावं.

पुढच्या रांगेतून गयाआत्यांची सून उठली. "साहेब, वळख नीट करून द्या. आईबापाचं नाव घ्या. मामा तसंच करायचे."

चेअरमनांनी इकडे तिकडे पाहिलं. "येसकराचा..." ते पुटपुटले.

"येसकर नाव असतं व्हय मानसाचं?"

ज्या माणसाने जन्मभर त्यांच्या घरचं सांगणं गावाला सांगितलं, त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ते माइक धरून तसेच उभे राहिले. मला त्यांची दया आली नाही. सुनेने त्यांच्याजवळ जाऊन दोन नावं सांगितली आणि म्हणाली, "म्हना आता. भोंग्यावर म्हना."

आणि चेअरमनांनी ती नावं पुकारली. वरच्या आळीपर्यंत, शिवारापर्यंत आवाज गेला. "विश्वनाथ. बापाचं नाव धोंडिबा. आईचं नाव मुक्ताबाई. गाव हेच."

मग आम्ही गयाआत्यांची कॅसेट लावली.